विंडोज ११, एका डीटीपीवालीच्या टेबलावरून

नागपुरात मानेवाडा रोडवर माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून छपाईसाठी जुळवून द्यायचं दुकान आहे. पीएचडीचे प्रबंध, वकिलांचे अर्ज, लग्नाचे बायोडेटा, सोसायटीच्या नोटिसा, दसऱ्याला दीक्षाभूमीवर विकायला येणाऱ्या छोट्या पुस्तिकांची जुळणी, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की शिष्टमंडळांची निवेदनं, हे आमचं वर्षभराचं काम. जवळजवळ सगळं मराठीत. विंडोज ११ बद्दल वाचायला पुष्कळ मिळतं, पण लिहिणारे बहुतेक गेम खेळणारे किंवा ऑफिसात इंग्रजीत काम करणारे असतात. दिवसभर देवनागरी टाइप करून पोट भरणाऱ्याला ही नवी रचना कशी पडते, ते वेगळं लिहायला हवं असं वाटलं.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढे वाचायची गरज नाही. पाचपैकी तीन गुण. सिस्टीम स्थिर आहे, मजबूत आहे, काही सोयी फार चांगल्या आहेत. पण ज्यांचं काम हाताच्या सवयीवर चालतं, त्यांच्या सवयी मोडताना त्यांचा विचार झालेला दिसत नाही. आणि मराठीत काम करणाऱ्याला लागणाऱ्या दोन-तीन साध्या गोष्टी अजूनही शोधून, मागून घ्याव्या लागतात. दुसऱ्या गोष्टीचा मला पहिलीपेक्षा जास्त राग आहे.

मुळात जावं का लागलं ते थोडक्यात. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला आणि त्याचा आधार संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला. १४ ऑक्टोबर ही तारीख आम्हा नागपूरकरांना वेगळ्या कारणानं पाठ असते, १९५६ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली. त्यामुळे ही मुदत विसरण्याचा प्रश्न नव्हता. आधार संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, हे मी दुकानात येणाऱ्या कितीतरी जणांना समजावलं. मशीन चालतच राहते, फक्त सुरक्षेचे नवे अपडेट येणं थांबतं. माझ्याकडे लोकांचे आधार कार्ड, सातबारा, मार्कशीट, जातीचे दाखले स्कॅन होतात. ज्या मशीनवर लोकांचे कागद आहेत ती असुरक्षित ठेवणं मला पटत नाही.

दुकानात दोन मशीन होत्या. एकीवर आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, दुसरीवर चौथ्या पिढीचा आय-थ्री. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचा प्रोग्राम चालू देणारी सोय) झेपणारी मशीन आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप. म्हणजे आय-थ्री पहिल्याच पायरीवर बाद. ती मशीन आजही प्रबंध उघडते, प्रिंट मारते, तक्रार करत नाही. चालती मशीन कागदावर निकामी ठरवली जाते हे मला आवडलेलं नाही. चिपची अट सुरक्षेसाठी आहे हे समजतं, पण लहान दुकानदाराला एका नव्या मशीनचा खर्च म्हणजे हंगामाच्या कमाईतला मोठा वाटा असतो.

सीताबर्डीवरचा आमचा रिपेअरवाला म्हणाला, "ताई, जुगाड करून टाकून देतो ११. चालून जाते." असा जुगाड होतो हे खरं आहे. पण न बसणाऱ्या मशीनवर ११ टाकलं तर पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्ट कंपनीनंच सांगून ठेवलं आहे. ज्या सुरक्षेसाठी हा सगळा खटाटोप, तीच मिळणार नसेल तर कशाला? मी नाही म्हटलं.

आय-फाइव्हवालीनंही आधी नकारच दिला होता. तपासणीच्या प्रोग्रामनं टीपीएम नाही असं दाखवलं. चिप होती, पण बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होती. इंटेलच्या मशीनवर ती पीटीटी या नावाखाली असते, एएमडीवर एफटीपीएम. शिवाय आमच्या हार्ड डिस्कचे भाग जुन्या एमबीआर पद्धतीनं पाडलेले आणि मशीन जुन्या, लेगसी मोडवर सुरू होणारी. ती डिस्क आधी जीपीटी या नव्या पद्धतीत बदलावी लागली. त्यासाठीचं साधन विंडोज १० मध्येच असतं, फॉरमॅट मारावा लागत नाही, पण त्याआधी बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नये. नागपुरात कितीतरी दुकानांत अशा मशीन "नाही चालत" म्हणून मोडीत काढल्या गेल्या असतील, याचं मला वाईट वाटतं. तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल आणि तरी नकार येत असेल, तर नवी मशीन घेण्याआधी बायॉस उघडून बघा किंवा कोणाकडून तरी बघून घ्या.

अपग्रेड फुकट झालं, फायली जिथल्या तिथे राहिल्या, प्रोग्राम राहिले. एवढं काम नीट झालं याचं श्रेय द्यायला हवं. परत विंडोज १० वर जायचं असेल तर दहा दिवसांची मुदत असते, तीही लक्षात ठेवा.

आता रचनेकडे येते.

माझ्या मशीनवर टास्कबार कायम डाव्या बाजूला उभा असायचा. कोर्टाचे अर्ज लीगल कागदावर असतात. पान लांब, स्क्रीन आडवी. खालची पट्टी बाजूला नेली की पानाच्या आणखी दोन-तीन ओळी दिसतात, आणि दिवसभरात त्या दोन-तीन ओळींनी किती स्क्रोल वाचतो ते टाइप करणाऱ्यालाच कळतं. विंडोज ११ आलं तेव्हा टास्कबार बाजूला किंवा वर नेण्याची सोयच काढून टाकली गेली. स्टार्टचं बटण मधोमध आलं ते सेटिंगमधून डावीकडे नेता येतं, त्याचं काही वाटत नाही. पण माझी पट्टी आजही खालीच आहे.

त्याहून जास्त त्रासाची गोष्ट नावांची. माझ्याकडे एका वेळी सात-आठ वर्डच्या फायली उघड्या असतात, प्रत्येक वेगळ्या गिऱ्हाइकाची. पूर्वी खालच्या पट्टीवर प्रत्येक फाइल नावासकट वेगळी दिसायची. ११ मध्ये सगळ्या एका चित्राखाली गोळा झाल्या. गिऱ्हाईक समोर उभं, आणि त्याची फाइल कोणती ते बघायला चित्रावर माऊस नेऊन थांबायचं, बारीक बारीक खिडक्या उमटतात त्यातून ओळखायचं. मराठी अर्जांची पहिली पानं दुरून सगळी सारखीच दिसतात. लोकांच्या तक्रारींनंतर २०२३ च्या अपडेटमध्ये ही सोय परत दिली गेली. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग टास्कबार, मग टास्कबार बिहेविअर्स, तिथे बटणं कधीच एकत्र करू नका असा पर्याय आहे. नव्या मशीनवर सगळ्यात आधी हे करा. पण दोन वर्षं ही गोष्ट नव्हती. फाइल ओढून टास्कबारवर नेण्याची सोयही अशीच आधी काढली आणि २०२२ मध्ये परत आणली. वापरणाऱ्यांना आधी विचारलं असतं तर हे काढावंच लागलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

राइट क्लिकचा मेनू हा तिसरा त्रास. आमच्या धंद्यातली सगळ्यात जास्त वेळा होणारी कृती कोणती असेल, तर गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवर फाइल टाकून देणं. राइट क्लिक, सेंड टू, पेन ड्राइव्ह. डोळे मिटून होतं. नव्या मेनूत सेंड टू दिसतच नाही. तो "शो मोअर ऑप्शन्स" च्या मागे गेला आहे. कट, कॉपी, पेस्ट, रिनेम ही बारीक चित्रं होऊन मेनूच्या टोकाला गेली, सुरुवातीला तर त्यांच्याखाली नावंही नव्हती. एक वकीलसाहेब, कोर्टात जायची घाई असलेले, टेबलाशी उभे राहून विचारत होते, "काहून हो ताई, पेन ड्राइव्ह पकडून नाही राह्यली का मशीन?" मशीननं पेन ड्राइव्ह घेतला होता. सेंड टू कुठे गेला तेच बघायचं होतं.

यावर उपाय आहे आणि तो मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक डीटीपीवाल्याला सांगते. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना पूर्ण मेनू थेट उघडतो. नाव बदलायला एफ-२ पूर्वीसारखंच चालतं. आमच्याकडे काम करणारी मुलगी आता शिफ्टशिवाय राइट क्लिक करतच नाही. तिची बोटं लवकर वळली. माझी बोटं सरकारी टायपिंगच्या परीक्षेसाठी लोखंडी मशीनवर तयार झालेली, त्यांना वेळ लागला.

स्टार्ट मेनूतल्या "रेकमेंडेड" या भागाबद्दल मात्र मला सवयीपलीकडचं बोलायचं आहे. स्टार्ट दाबलं की खाली नुकत्याच उघडलेल्या फायलींची नावं दिसतात. घरच्या मशीनवर ठीक आहे. माझ्या दुकानात स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवलेली असते, कारण प्रूफ तिथेच बघितलं जातं. फायलींना आम्ही माणसाच्या नावानं आणि कामानं नाव देतो, म्हणजे अमक्याचा घटस्फोटाचा अर्ज, तमक्याचं मृत्युपत्र. एकाच्या घरातली गोष्ट दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर यायला नको. हा भाग बंद करता येतो, पण ते सेटिंग एकत्र बांधलेलं आहे. स्टार्टमधल्या फायली बंद केल्या की फाइल एक्सप्लोररमधल्या अलीकडच्या फायली आणि टास्कबारवरच्या चित्राची यादी, सगळंच बंद होतं. मला स्टार्टमध्ये नको आहे, वर्डच्या चित्रावर हवं आहे. इतकं साधं वेगळं करता येत नाही. मी बंदच ठेवलं आहे आणि फायली पुन्हा फोल्डरमध्ये जाऊन उघडते.

आय-थ्रीच्या जागी नवी मशीन घेतली, तिच्यात विंडोज ११ होम आधीच टाकलेलं होतं. अपग्रेड केलेली मशीन आणि कोरी मशीन यांच्यात फार फरक आहे, आणि मराठी काम करणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं.

होम आवृत्ती सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं दोन्ही मागते. दुकानाच्या मशीनला कोणाचं खातं द्यायचं? माझं घरचं दिलं तर माझे फोटो, माझे पासवर्ड तिथे येणार. मी दुकानासाठी वेगळा ईमेल काढला आणि तोच वापरला. प्रत्येक दुकानदारानं हेच करावं. त्या खात्याशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे जी फार कमी लोकांना माहीत आहे. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून कोऱ्या मशीनवर खात्यानं साइन इन केलं की बहुतेक मशीनची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद होते, होम असली तरी. चोरी झाली तर हे चांगलंच आहे. पण मदरबोर्डचं काम निघालं किंवा बायॉसमध्ये बदल झाला तर मशीन ४८ अंकांची रिकव्हरी की मागू शकते, आणि ती त्या खात्यात साठवलेली असते. रिपेअरवाल्यानं स्वतःच्या कुठल्यातरी ईमेलनं मशीन सुरू करून दिली असेल तर ती की त्याच्याकडे. मशीन घेतल्याच्या दिवशीच ते अंक कागदावर उतरवून तिजोरीत ठेवा. मी तसंच केलं.

मग वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फायली साठवायची जागा. नवी मशीन सुरू करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर वनड्राइव्हमध्ये जातात, तुम्ही लक्ष देऊन थांबवलं नाही तर. फुकट जागा ५ जीबी. स्कॅनचं काम करणाऱ्या दुकानात ५ जीबी म्हणजे काहीच नाही, ती भरते आणि मग जागा विकत घ्या असं सांगणं सुरू होतं. पण माझा मुद्दा पैशाचा नाही. माझ्या डेस्कटॉपवर लोकांची आधार कार्डं असतात. त्यांनी ती माझ्या हातात दिली, प्रिंट घेतली, विश्वासानं गेले. ती माझ्या खात्यातून इंटरनेटवर कुठेतरी साठवायला त्यांनी होकार दिलेला नाही. मी ते बंद केलं. बंद करायचं असेल तर वनड्राइव्हच्या ढगाच्या चित्रावर जाऊन सेटिंग्ज, सिंक अँड बॅकअप, मॅनेज बॅकअप. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो. घाबरू नका, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात, तिथून उचलून परत आणाव्या लागतात. हे सगळं सुरुवातीलाच विचारून, साध्या भाषेत, मराठीतसुद्धा, सांगायला काय हरकत होती?

आता मंगल फॉन्टची गोष्ट. यासाठीच मी हे लिहायला बसले.

मराठी विषयातला एक प्रबंध आमच्याकडे होता, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला सादर व्हायचा. सगळा मंगलमध्ये टाइप केलेला, अनुक्रमणिका लावलेली, पानांचे आकडे बसवलेले. अर्धं काम अपग्रेड केलेल्या मशीनवर, उरलेलं नव्यावर. आमच्या मुलीच्या लक्षात आलं की एकच प्रकरण दोन मशीनवर वेगवेगळ्या पानावर संपतंय. फाइल तीच. फॉन्टच्या खिडकीत दोन्हीकडे नाव मंगलच. पण नव्या मशीनवर अक्षरांचं वळण वेगळं, रुंदी वेगळी, ओळी वेगळ्या जागी तुटत होत्या. अनुक्रमणिकेतले आकडे सगळे सरकले असते, आणि बाइंडिंग झाल्यावर ते कळलं असतं तर त्या संशोधक बाईंना सगळ्या प्रती पुन्हा काढाव्या लागल्या असत्या.

कारण असं. मंगल हा फॉन्ट विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून मराठी-हिंदीचा मुख्य फॉन्ट होता. विंडोज ८ बरोबर निर्मला यूआय आला. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे सगळे "देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स" नावाच्या जादा गठ्ठ्यात टाकले गेले, आणि इंग्रजीत सुरू केलेल्या कोऱ्या मशीनवर तो गठ्ठा येत नाही. जुनी मशीन अपग्रेड होताना फॉन्ट सोबत आले, म्हणून तिथे काही कळलं नाही. नव्या मशीनवर मंगल नव्हताच. वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट लावतं आणि खिडकीत नाव मात्र मूळचंच दाखवतं.

उपाय सोपा आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, ऑप्शनल फीचर्स, तिथे फीचर जोडायच्या बटणावर जाऊन देवनागरी शोधा आणि सप्लिमेंटल फॉन्ट्स टाकून घ्या. इंटरनेटवरून उतरतात, फार वेळ लागत नाही. दुकानातल्या सगळ्या मशीनवर एकदाच करून टाका. पण मला हे मान्य होत नाही की महाराष्ट्रातल्या किती कचेऱ्या, किती शाळा, किती विद्यार्थी वर्षानुवर्षं मंगलमध्ये लिहीत आले आणि तो फॉन्ट शोभेच्या वस्तूसारखा बाजूला ठेवला जातो. भारतात विकायच्या मशीनवर तो आधीच हवा. डिस्कवर त्याला जागा ती कितीशी लागते!

कीबोर्डचंही तसंच. मराठीसाठी दोन कीबोर्ड सोबत मिळतात. एक इनस्क्रिप्ट, म्हणजे सरकारी प्रमाण मांडणी, दुसरा फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी टाइप करायचा, जो २०१९ मध्ये विंडोज १० मध्ये आला आणि ११ मध्येही आहे. फोनेटिक नव्या मुलांना फार सोपा जातो, आमची मुलगी त्यावरच टाइप करते आणि तिचा वेग चांगला आहे. पण टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेली आमची पिढी रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर शिकली, आणि रेमिंग्टन सोबत मिळत नाही. त्यासाठी बाहेरचा प्रोग्राम टाकावा लागतो, मी वर्षानुवर्षं तेच करते आहे. कोर्टाच्या आवारात टाइप करणारे कितीतरी जण रेमिंग्टनवाले आहेत. पट्टीला कडा गोल करायला, चित्रं नव्यानं काढायला वेळ मिळाला, तर या एका मांडणीला का मिळू नये?

भाषा बदलण्याबाबत एक उपयोगी सेटिंग सांगते. टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज इथे प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवायचा पर्याय आहे. तो लावला की वर्डमध्ये मराठी राहतं आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी. नाही तर सारखं विंडोज बटण आणि स्पेसबार.

प्रिंटरबद्दल मला विंडोजला दोष द्यायचा नाही. आय-थ्रीवर ३२ बिटचं विंडोज होतं आणि आमचा जुना लेझर प्रिंटर त्यावर वर्षानुवर्षं चालला. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि त्या प्रिंटरच्या कंपनीनं ६४ बिटचा ड्रायव्हर, म्हणजे मशीनला प्रिंटर चालवायला लागणारा प्रोग्राम, कधी दिलाच नाही. प्रिंटर ठणठणीत, काडतूस बाजारात मिळतं, फक्त नव्या मशीनला तो दिसत नाही. कंपनीच्या मदत केंद्रावरचा मुलगा शेवटी म्हणाला, "मॅडम, नवीन घेऊन टाका ना." तुमच्याकडे जुना प्रिंटर किंवा स्कॅनर असेल तर मशीन बदलण्याआधी त्याचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का ते बघा. खूप जुन्या प्रोग्रामचंही असंच, ज्यांचा इन्स्टॉलर १६ बिटचा आहे ते ६४ बिटवर उघडतच नाहीत. कृतिदेव आणि श्रीलिपीच्या फॉन्टमधल्या आमच्या जुन्या फायली मात्र नव्या मशीनवर व्यवस्थित उघडल्या. वर्डपॅड २४एच२ पासून गेलं, त्याचं मला विशेष काही वाटलं नाही, पण काही म्हातारे गिऱ्हाईक त्यातच फायली आणायचे.

आता चांगलं. मला खरंच आवडलेली गोष्ट म्हणजे खिडक्यांची मांडणी. विंडोज बटण आणि झेड दाबलं की स्क्रीनचे भाग दिसतात, हवा तो निवडायचा. डावीकडे हस्तलिखिताचा स्कॅन, उजवीकडे वर्ड. पूर्वी कागद स्टँडला लावून मान वळवत टाइप करायचे, आता मानेचा त्रास कमी झाला आहे, आणि हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं इतकं ते मोलाचं आहे. फाइल एक्सप्लोररमध्ये टॅब आले, त्यामुळे पेन ड्राइव्ह आणि दुकानाचा फोल्डर एकाच खिडकीत राहतात. नोटपॅड न साठवलेला मजकूरही जपून ठेवतं. मोबाइलवरून आलेला मजकूर साफ करायला मी नोटपॅड वापरते, वीज गेली तरी बरचसं परत मिळतं. विंडोज बटण आणि व्ही हे १० मध्येही होतं, पण ज्यांनी सुरू केलं नसेल त्यांनी करावं. शेवटच्या २५ कॉपी केलेल्या गोष्टी हाताशी राहतात. अर्जदाराचं नाव, पत्ता, खटल्याचा क्रमांक पुन्हा पुन्हा टाकावा लागतो, तिथे खूप उपयोग होतो.

विजेवरून अपडेटचं सांगते. मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, सगळ्या वस्तीचे कूलर एकदम चालतात, आणि संध्याकाळी वावटळ उठली की वीज गेलीच. मोठं अपडेट चालू असताना वीज जाणं हा डीटीपीवाल्याचा सगळ्यात वाईट प्रसंग. ॲक्टिव्ह अवर्स नावाची सोय आहे, त्या वेळात मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही. ती जास्तीत जास्त १८ तासांची ठेवता येते. मी दुकानाची वेळ आणि पुढेमागे थोडा वेळ टाकून ठेवली आहे. इंटरनेट मोबाइलवरून घेत असाल तर ते कनेक्शन सेटिंगमध्ये मीटर्ड, म्हणजे मोजून डेटा मिळणारं, म्हणून नोंदवा, मोठे अपडेट त्यावर सहसा उतरत नाहीत. आणि यूपीएसची बॅटरी उन्हाळ्याआधी तपासून घ्या, मोठं अपडेट सकाळी, ऊन चढायच्या आत लावा.

कोणी जावं? तुमची मशीन बसत असेल तर जा, सुरक्षेसाठी जायलाच हवं. पण हंगाम बघून जा. आम्ही दसऱ्याचं पुस्तिकांचं काम उरकल्यावर आणि अधिवेशनाच्या निवेदनांची गर्दी सुरू व्हायच्या आधी केलं, आणि त्या मधल्या काळात बोटांना नव्या जागा शिकायला वेळ मिळाला. प्रबंध सादर करायच्या दिवसांत कोणीही करू नये. कोरी मशीन घेतलीत तर पहिला दिवस टाइप करायला बसू नका. आधी मंगलचा गठ्ठा टाका, वनड्राइव्ह बघा, ते ४८ अंक उतरवा, टास्कबारची नावं चालू करा, रेकमेंडेड बंद करा. मग एक जुनी मराठी फाइल जुन्या आणि नव्या दोन्ही मशीनवर उघडून शेवटचं पान एकच येतं का ते जुळवून बघा.

आय-थ्री मी विकली नाही. विंडोज १० साठी एक वर्षाचे जादा सुरक्षा अपडेट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी अमेरिकेत ३० डॉलर लावले आहेत, पण मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावरच नाव नोंदवायची जागा आहे. फक्त सेटिंगचा बॅकअप चालू ठेवा, फोल्डरांचा नको. मी दुकानाच्या त्याच ईमेलनं नोंदवलं. जुना लेझर प्रिंटर तिलाच जोडलेला आहे आणि पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्राममधल्या पुस्तिकाही तिच्यावरच उघडतात. ऑक्टोबरनंतर तिची इंटरनेटची वायर काढणार, तिच्यावरचे लोकांचे सगळे स्कॅन पुसणार, आणि प्रिंट व पेजमेकर एवढंच काम तिच्याकडे ठेवणार.